अपस्मारावरची शस्त्रक्रिया : सेवा कशी जोखावी आणि फिट थांबणं कशावर ठरतं

गोळ्यांनी न थांबणाऱ्या आकडीवर मेंदूची शस्त्रक्रिया करणारी सेंटरं भारतात आता चांगली रुळली आहेत. तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स, बेंगळुरूचं निम्हान्स ही सार्वजनिक क्षेत्रातली ठळक नावं. मुंबई-पुण्यातही ही सेवा मिळते. चौकशीला आलेले नातेवाईक बहुतेक वेळा एकच विचारतात : सर्जन कोण चांगला? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा लागायला हवा. ऑपरेशननंतर फिट थांबतील की नाही, याचा मोठा भाग पेशंट टेबलावर जाण्याआधीच ठरून गेलेला असतो : एमआरआयच्या खोलीत, व्हिडिओ ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत संकेतांची चित्रणासह नोंद) वॉर्डात आणि सगळे रिपोर्ट समोर मांडून बसलेल्या टीमच्या बैठकीत. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका इमारतीचं किंवा डॉक्टरांचं नाही. ते या संपूर्ण सेवेचं आहे. कुठली पायरी नीट झाली की निकाल चांगला येतो आणि कुठली उरकली की हातचं जातं, ते यात पाहू.

आमचा कौल आधीच सांगतो. आकडी मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होते, एमआरआयमध्ये तिथेच दोष दिसतो आणि दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही ती थांबलेली नाही, अशा पेशंटसाठी ही सेवा उत्तम आहे, आणि ती आज घेतात त्यापेक्षा खूप लवकर घ्यायला हवी. एमआरआय स्वच्छ असेल तर ती मध्यम आहे. लाभ होतो, पण तपासण्या वाढतात आणि खात्री कमी होते. आणि ज्या ठिकाणी एका एमआरआयवरून तारीख देतात, तिथे ती घेऊच नये.

‘दोन औषधं’ ही अट कुठून आली? ग्लासगोमध्ये नव्याने निदान झालेल्या ४७० पेशंटांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या एकेकट्या औषधाने आणखी १४ टक्क्यांच्या. दोन औषधं एकत्र देऊन थांबल्या त्या फक्त ३ टक्क्यांच्या. २०१० मध्ये इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराची व्याख्या ठरवली ती याच धर्तीवर : नीट निवडलेली, सोसलेली, पुरेशा डोसात दिलेली दोन औषधं फसली की पेशंट त्या गटात. तिथून पुढे तिसरी, पाचवी, सातवी गोळी बदलत राहणं म्हणजे वर्षं घालवणं. मात्र ‘नीट निवडलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीमध्ये (किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार) कार्बामाझेपिन हे औषध दिलं तर सकाळचे झटके उलट वाढू शकतात. तिथे औषध फसलेलं नसतं, निवड फसलेली असते, आणि तो आजार या शस्त्रक्रियेचा नव्हेच. चुकलेले डोस, रात्रीची जागरणं आणि मुळात अपस्मार नसलेले मानसिक कारणांचे झटके हेही आधी वगळावे लागतात.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. कॅनडातल्या लंडन, ओंटारिओ इथे ८० पेशंटांवर झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) अपस्मारात वर्षाअखेर भान घालवणाऱ्या फिटपासून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के. दुसरी चाचणी आपल्याच देशातली. दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांना चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने दोन गटांत वाटलं. ५७ जणांवर लवकर शस्त्रक्रिया झाली, ५९ जण औषधं घेत प्रतीक्षायादीत राहिले. २०१७ साली निकाल आले : वर्षभरानंतर फिटमुक्त ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातल्या ३३ टक्के मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले, त्यातही मुख्य म्हणजे एका बाजूची ताकद कमी होणं. मेंदूचा अर्धा भाग वेगळा करणाऱ्या हेमिस्फेरोटॉमीत ते बरंचसं अपेक्षितच असतं. ७७ चा आकडा सांगणाऱ्याने ३३ चाही सांगायला हवा. जे सेंटर दोन्ही सांगतं, त्यावर जास्त विश्वास ठेवावा.

एमआरआय : सगळ्यात स्वस्तात सुधारता येणारी पायरी

शस्त्रक्रियेच्या यशाचा एकच सूचक निवडायचा झाला तर आम्ही एमआरआयमधला दोष निवडू. एमआरआयमध्ये किंवा काढलेल्या तुकड्यात दोष सापडलेल्या पेशंटांत फिटमुक्तीचे ‘ऑड्स’ (फिट थांबलेले आणि न थांबलेले यांचं गुणोत्तर), दोष न सापडलेल्यांच्या तुलनेत, सुमारे अडीचपट असतात. आणि ‘एमआरआय नॉर्मल’ म्हणून आलेल्या कितीतरी जणांचा एमआरआय नॉर्मल नसतो. तो नीट काढलेला किंवा नीट वाचलेला नसतो. जर्मनीतल्या बॉन इथल्या २००२ च्या अभ्यासाने हे फार स्पष्ट दाखवलं. साधा एमआरआय आणि वाचणारा अपस्मारातला तज्ज्ञ नाही, तर दोष सापडण्याचं प्रमाण ३९ टक्के. तोच साधा एमआरआय तज्ज्ञाने वाचला तर ५०. अपस्मारासाठी मुद्दाम काढलेला एमआरआय तज्ज्ञाने वाचला तर ९१.

म्हणून चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहून घेऊ नका, ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असं लिहून घ्या. साध्या स्कॅनचे काप ५ मिमी जाड आणि मध्ये फट सोडलेले असतात. मेंदूच्या सुरकुतीच्या तळाशी दडलेला ४ मिमीचा डिस्प्लेशिया (मेंदूच्या सालीचा जन्मतःच चुकीचा घडलेला भाग) त्या फटीत हरवतो. लीगने २०१९ मध्ये सुचवलेल्या ‘हार्नेस’ पद्धतीत तीन प्रकारची चित्रं लागतात : १ मिमीचा त्रिमितीय टी-वन, १ मिमीचा त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसच्या (टेम्पोरल लोबच्या आतल्या, स्मरणशक्तीशी निगडित भागाच्या) लांबीला काटकोनात घेतलेले बारीक टी-टू काप. शेवटचा मुद्दा टेक्निशियनच्या हातात असतो. काप तिरके गेले की डावा-उजवा हिप्पोकॅम्पस वेगवेगळ्या पातळीवर कापला जातो, आणि आक्रसलेला कुठला, हे कळेनासं होतं. मशीन ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मिळालं तर उत्तम, पण चुकीच्या पद्धतीने काढलेल्या ३ टेस्लापेक्षा नीट काढलेला दीड टेस्ला कामाचा. डायकॉम फाइलची (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्याच. मोठ्या काळ्या फिल्मवरून दुसऱ्या सेंटरला नीट पुनर्वाचन करता येत नाही आणि पुन्हा स्कॅनचा खर्च पडतो. सेंटरला ईईजीचा अंदाजही आधी द्यावा. ‘उजवा पुढचा भाग पाहा’ असं सांगितल्यावर जुन्याच स्कॅनमध्ये दोष सापडतो, हे नेहमीचं आहे.

दोन वर्षांखालच्या मुलांत आणखी एक अडचण आहे. मेंदूतलं मायलिन (तंतूंवरचं आवरण) अजून तयार होत असल्याने डिस्प्लेशिया काही महिने दिसतो, मग लपतो, मग पुन्हा दिसू लागतो. म्हणून एक स्कॅन स्वच्छ आला तरी अडीच वर्षांच्या आसपास दुसरा काढावा.

आपल्याकडचा खास गोंधळ म्हणजे कॅल्शियम साठून पांढरा झालेला ठिपका, म्हणजे जुन्या न्यूरोसिस्टिसर्कोसिसची (मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्यांच्या आजाराची) खूण. सीटीवर ठिपका दिसला की सगळा दोष त्यावर टाकला जातो. पण त्याच पेशंटला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसही (हिप्पोकॅम्पस आक्रसून कडक होणं) असू शकतो आणि फिट तिथून येत असू शकतात. उलटंही घडतं. ठिपका आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारणं आणि ठिपका आहे म्हणून तोच काढणं, दोन्ही चूक. निवाडा व्हिडिओ ईईजीने करायचा.

व्हिडिओ ईईजीचा वॉर्ड

इथे पेशंटला ३ ते ५ दिवस, कधी आठवडाभर ठेवतात, गोळ्या कमी करतात आणि त्याची नेहमीची फिट कॅमेऱ्यात आणि ईईजीत एकाच वेळी पकडतात. किमान तीनेक फिट मिळाव्यात अशी अपेक्षा असते. दोन्ही बाजूंचा संशय असेल तर जास्त. एक फिट मिळाली आणि सुटी दिली, असं झालं तर विचारायला हवं, कारण एखाद्या पेशंटच्या चार फिट डावीकडच्या आणि पाचवी उजवीकडची निघते, आणि ती पाचवी सगळा बेत बदलते.

गोळ्या कमी करण्यातच कसब आहे. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम झपाट्याने बंद केल्या तर येणारी आकडी कधी कधी त्या गोळीच्या तुटीमुळे आलेली असते, पेशंटची नेहमीची नव्हे. शिवाय ती काही सेकंदांत सर्वांगभर पसरते आणि सुरुवात कुठे झाली ते कळत नाही. चांगल्या वॉर्डात हाताला सलाइनची सुई आधीच लावलेली असते, पलंगाला कठडे असतात, फिट थांबवणारं लोराझेपाम किंवा मिडाझोलाम हाताशी असतं, आणि रात्री स्क्रीनवर नजर ठेवणारा माणूस जागा असतो. हा शेवटचा माणूस आहे का, हे वॉर्ड बघायला गेल्यावर थेट विचारा. कॅमेरा आहे पण रात्री कोणी बघत नाही, अशी सोय धोक्याची. लागोपाठ मोठ्या फिट येण्याचा आणि नंतर दोन-तीन दिवसांनी पेशंट भ्रमिष्टासारखा वागण्याचा धोका याच काळात असतो.

आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवावं, तेल अजिबात लावू नये. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत, संपर्काचा रोध ५ किलोओहमच्या वर जातो आणि ऐन फिटच्या वेळी टेम्पोरल भागाच्या तारेवर फक्त खरखर उमटते. सदरा पुढून बटणांचा हवा. नेहमीच्या जागांखेरीज गालाच्या हाडाच्या पातळीवर खालच्या टेम्पोरल ओळीत जास्तीचे इलेक्ट्रोड लावलेत का, तेही पाहा. टेम्पोरल लोबच्या पेशंटमध्ये ते नसतील तर तपासणी अर्धी.

सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचं काम तपासणीचाच भाग आहे. फिट सुरू झाली की बटण दाबायचं, पांघरूण काढायचं, कॅमेरा आणि पेशंट यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. नाव विचारायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं, पेन दाखवून ‘हे काय?’ विचारायचं, ‘छत्री’ असा एखादा शब्द द्यायचा आणि भानावर आल्यावर कोणता शब्द दिला होता ते विचारायचं. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी काही नाकाशी किंवा हातात द्यायचं नाही. फिट त्याने थांबत नाही, आणि हातांची जी हालचाल डॉक्टरांना बघायची असते ती मुठीत किल्ली कोंबल्यावर दिसत नाही.

त्या हालचाली फार बोलक्या असतात. टेम्पोरल लोबच्या फिटमध्ये ओठ चाटणं, चघळल्यासारखं करणं हे नेहमीचं. एक हात कपडे चाळवत असतो आणि दुसरा ताठ होऊन वाकडा होतो, तेव्हा वाकडा झालेला हात फिटच्या विरुद्ध बाजूचा. फिट संपताच नाक पुसणारा हात बहुधा फिटच्याच बाजूचा. फिट सरल्यावर बोलायला बराच वेळ लागला तर भाषेची बाजू, म्हणजे बहुतेकांत डावी, संशयात येते. घरी मोबाइलवर घेतलेली चित्रफीतही न्यावी. वॉर्डात मिळालेली फिट घरच्यासारखीच आहे का, हे त्यावरूनच ताडता येतं.

सगळी बोटं एकाच जागेकडे

फिटचं रूप, ईईजीतली सुरुवात, एमआरआयमधला दोष आणि स्मरणशक्तीच्या चाचणीतली उणीव, या चारही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर पुढच्या महागड्या तपासण्या बहुधा लागत नाहीत. उजव्या बाजूचा स्पष्ट हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस आणि सगळ्या फिट उजव्या टेम्पोरलच्या, अशा पेशंटला मेंदूत तारा घालायला सुचवणारं सेंटर पैसे आणि जोखीम दोन्ही वाढवतंय. याच्या उलट, पुरावे फाटे फोडत असूनही ‘एमआरआयमध्ये दिसतंय ना’ म्हणून तारीख देणारं सेंटर पेशंटचं नुकसान करतंय.

फाटे फुटले की पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारा), फिट चालू असताना इंजेक्शन देऊन केलेला स्पेक्ट (रक्तपुरवठा कुठे वाढला ते दाखवणारा स्कॅन), एमईजी (मेंदूतले चुंबकीय संकेत टिपणारी तपासणी) यांचा क्रम येतो. पेटसाठी ४ ते ६ तास उपाशी राहावं लागतं आणि इंजेक्शनच्या आसपास फिट आली तर चित्र फसवं येतं, म्हणून त्या वेळी ईईजी लावलेला असावा. फिटमधल्या स्पेक्टचं सगळं यश सेकंदांवर आहे. इंजेक्शन पहिल्या अर्ध्या मिनिटात गेलं तर सुरुवातीची जागा उजळते, उशिरा गेलं तर फिट जिथे पसरली ती. रिपोर्टमध्ये तो वेळ लिहिलेला नसेल तर रिपोर्टला फारसा अर्थ नाही.

त्यापुढची पायरी स्टिरिओ ईईजी. कवटीला बारीक छिद्रं पाडून ०.८ मिमी जाडीच्या दहा-बारा तारा खोलवर बसवतात आणि काही दिवस नोंद घेतात. रक्तस्रावाचा धोका सुमारे १ टक्का. रोबोट असला तर तारा बसवणं जलद होतं. पण तार कुठे बसवायची हे रोबोट ठरवत नाही. आधीच्या तपासण्यांतून ठोस अंदाज बांधलेला नसेल तर दहा तारा घालूनही फिट अकराव्या जागेहून येते. एक गट इथे विशेष जपावा लागतो. फिट वरकरणी टेम्पोरल लोबची वाटते, पण सुरुवातीला तोंडात विचित्र चव येते, गरगरतं किंवा आवाज बदलून ऐकू येतात. अशांत उगम शेजारच्या भागातही असतो. याला टेम्पोरल प्लस म्हणतात, आणि त्यांच्यात फक्त टेम्पोरल लोब काढला तर अपयशाचा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणून फिटच्या अगदी पहिल्या पाच सेकंदांत काय जाणवतं, हे पेशंटकडून त्याच्या भाषेत, सावकाश, नातेवाइकांनी मध्ये न बोलता काढून घ्यायला हवं.

भाषेचा मुद्दा स्मरणशक्तीच्या चाचणीतही येतो. डाव्या टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दांची स्मरणशक्ती घटण्याचं प्रमाण सुमारे ४४ टक्के, उजव्या बाजूला सुमारे २० टक्के. डावा हिप्पोकॅम्पस एमआरआयमध्ये धडधाकट असेल आणि पेशंटची शब्दस्मृती चांगली असेल तर गमावण्यासारखं जास्त असतं. आधीच आक्रसलेल्या हिप्पोकॅम्पसमधून फारसं जात नाही. ही चाचणी मातृभाषेत न घेतल्यास निकाल चुकतो. सांगली किंवा नांदेडहून तिरुवनंतपुरमला किंवा दिल्लीला जाणाऱ्या पेशंटने मराठीतून चाचणी होईल का, हे आधी फोनवर विचारावं. मोडक्या हिंदीत शब्दांची यादी आठवायला लावली तर कमी पडते ती भाषा, आणि नोंद होते स्मृतिदोषाची.

काय काढतात, किती काढतात

नेहमीच्या टेम्पोरल लोबेक्टॉमीत भाषेच्या बाजूला लोबच्या टोकापासून साधारण ३.५ ते ४.५ सेंमी, दुसऱ्या बाजूला ५ सेंमीच्या आसपास बाहेरचा भाग आणि सोबत अमिग्डाला व हिप्पोकॅम्पस काढतात. फक्त आतला भाग काढण्याच्या ‘निवडक’ पद्धतीत बाहेरची साल वाचते, पण एकत्रित विश्लेषणात फिटमुक्ती जवळपास ८ टक्क्यांनी कमी आढळली. लेझरच्या तारेने हिप्पोकॅम्पस जाळण्याच्या पद्धतीत कवटी उघडावी लागत नाही, सुटी लवकर मिळते. अमेरिकेतल्या अनेक सेंटरांच्या २३४ पेशंटांत यश ५८ टक्के होतं. डाव्या बाजूच्या चांगल्या स्मृतीच्या पेशंटसाठी हा सौदा विचार करण्यासारखा आहे. बाकीच्यांसाठी उघडं ऑपरेशन अजूनही सरस, असं आम्हाला वाटतं.

मात्र टेम्पोरल लोब असो वा डिस्प्लेशिया, हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग किंवा दोषाची कड राहून गेली की फिट परततात. डिस्प्लेशियात तर पूर्ण काढलं की नाही, यावरच बहुतेक सगळं ठरतं. अडचण अशी की ती कड हातापायाच्या किंवा बोलण्याच्या भागाला लागून असेल तर सर्जन थांबतो, आणि थांबणंच बरोबर असतं. अशा वेळी ‘पूर्ण निघणार नाही’ हे आधी सांगितलं गेलं होतं का, एवढंच पाहावं.

धोक्याचे आकडेही मांडतो. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.४ टक्के, इतर भागांत १.२ टक्के. टिकून राहणारी मज्जासंस्थेची मोठी हानी ५ टक्क्यांच्या आत. विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यातली नजर थोडी जाणं टेम्पोरल लोबेक्टॉमीनंतर बऱ्याच जणांत आढळतं. रोजच्या व्यवहारात ते कळत नाही, पण गाडी चालवणाऱ्याने नजरेची चाचणी करून घ्यावी. चावताना जबडा दुखणं काही आठवडे चालतं. पहिल्या काही महिन्यांत उदास वाटणं किंवा चिडचिड होणं याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि मनोविकारतज्ज्ञाची भेट आधीच ठरवून ठेवायची.

कोणाला किती

युरोपातल्या ९,१४७ पेशंटांच्या माहितीवर २०२० मध्ये आलेला अभ्यास दोन वर्षांनंतरचं चित्र देतो. गँग्लिओग्लायोमासारख्या संथ वाढणाऱ्या गाठी असतील तर त्रासदायक फिटपासून मुक्त ७७.५ टक्के, रक्तवाहिन्यांचे दोष असतील तर ७४, हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस असेल तर ७१.५. डिस्प्लेशियाचा सौम्य प्रकार किंवा तुकड्यात काहीच न सापडणं, अशांत आकडा पन्नाशीच्या आसपास. जागेचाही फरक मोठा. पाच वर्षांपलीकडचे अभ्यास एकत्र केले तर टेम्पोरलमध्ये ६६ टक्के, पॅरायटल-ऑक्सिपिटलमध्ये (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात) ४६, फ्रंटलमध्ये (पुढच्या भागात) २७. फ्रंटल लोब मोठा, तिथल्या फिट क्षणात पसरणाऱ्या आणि डोक्यावरच्या ईईजीत धूसर दिसणाऱ्या, त्यामुळे उगम पकडणं अवघड.

याखेरीज निकाल खाली ओढणाऱ्या गोष्टी : आजार जुना असणं, फिट पसरून वारंवार सर्वांगाला झटके येणं, ईईजीत दोन्ही बाजूंना स्पाइक्स (फिट नसतानाही उमटणारी टोकदार शिखरं), आधीपासूनचं नैराश्य. यांपैकी कुठलीही एकटी शस्त्रक्रिया नाकारायला पुरेशी नाही. सगळे घटक घालून टक्केवारी काढणारी गणितं आहेत; २०१५ मध्ये आलेल्या, नोमोग्राम नावाच्या अशाच गणिताची अचूकता ०.६० च्या आसपास होती, आणि नुसत्या नाणेफेकीची ०.५० असते. त्यामुळे कोणी संगणकावर तुमची शक्यता दशांशात सांगितली तर तो आकडा ढोबळच धरा.

आजाराची वर्षं हा त्यातला एकच घटक आपल्या हातात आहे, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त हरतो. युरोपातल्या साडेनऊ हजार पेशंटांच्या नोंदीत प्रौढांना आजार सुरू झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत सरासरी २० वर्षं लागली होती. वीस वर्षांत शिक्षण, नोकरी, लग्न सगळं मागे पडलेलं असतं. फिट थांबल्या तरी ते परत येत नाही.

सेंटरने सांगितलेलं यश कसं वाचायचं

‘आमचं यश ८० टक्के’ असं ऐकलं की तीन गोष्टी विचारा : कुठल्या आजारात, किती वर्षांनंतर, आणि कुठल्या मोजपट्टीवर. एंगल या मोजपट्टीतला वर्ग एक म्हणजे पूर्ण फिटमुक्ती नव्हे. त्यात फक्त पोटातून गोळा उठल्याची किंवा भीतीची जाणीव होणारेही येतात, आणि सुरुवातीला फिट येऊन नंतर दोन वर्षं न आलेलेही. लीगच्या मोजपट्टीतला वर्ग एक जास्त कडक आहे : फिट नाही, ऑराही (तशी नुसती जाणीवही) नाही. वर्षही महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या लंडनच्या ६१५ प्रौढांच्या पाठपुराव्यात, भान न घालवणाऱ्या छोट्या फिट सोडल्या तर, पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के सलग फिटमुक्त होते. पहिल्या वर्षाचा आकडा नेहमी जास्त गोड असतो.

खर्चाबाबत एकच सूचना. व्हिडिओ ईईजी, पेट आणि ऑपरेशन यांची बिलं बहुतेक ठिकाणी वेगवेगळी बनतात. महात्मा फुले योजनेचं कार्ड असेल तर आरोग्यमित्राकडून प्रत्येक टप्पा पॅकेजमध्ये आहे का, हे दाखल होण्यापूर्वी लेखी घ्या. विमा असेल तर व्हिडिओ ईईजीला ‘फक्त तपासणीसाठी दाखल’ म्हणून नकार येऊ शकतो. गोळ्या कमी करण्यासाठी देखरेखीत ठेवणं गरजेचं आहे, असं डॉक्टरांचं पत्र आधी जोडावं.

ऑपरेशननंतर

गोळ्या लगेच बंद होत नाहीत. साधारण वर्ष-दोन वर्षं फिटमुक्त राहिल्यावर एकेक करून, सावकाश कमी करतात. युरोपातल्या ७६६ मुलांच्या अभ्यासात लवकर गोळ्या कमी केल्याने अंतिम निकाल बिघडला नाही. ज्यांच्यात उगम उरलेला होता तो फक्त लवकर उघडा पडला. मोठ्यांत मात्र नोकरी, वाहन, उंचीवरचं काम यांचा विचार करून घाई टाळलेली बरी. ‘डोक्यातलं काढून टाकलंय, आता गोळी कशाला’ म्हणून स्वतःहून थांबवणं हे फिट परतण्याचं सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण आहे.

पहिल्या आठवड्यात आलेली फिट सूज आणि जखमेमुळेही असू शकते, तिने धीर सोडू नये. पण ती नेहमीच्याच रूपाची असेल तर दूरचा निकाल थोडा कमजोर होतो. पुढे महिन्यांनी फिट आली तर आधी रक्तातली औषधाची पातळी, चुकलेले डोस, ताप, उलट्या, जागरण हे तपासावं. तसं काही नसेल आणि फिट पुन्हा येऊ लागल्या तर नवा एपिलेप्सी प्रोटोकॉल एमआरआय काढून तो ऑपरेशनपूर्वीच्या स्कॅनवर बसवून पाहतात : काढायचं ठरलं होतं त्यातलं किती उरलंय? हिप्पोकॅम्पसचं शेपूट किंवा डिस्प्लेशियाची कड उरलेली दिसली आणि नव्या व्हिडिओ ईईजीत फिट तिथूनच निघाली, तर दुसऱ्या ऑपरेशनला चांगला आधार असतो. ठरलं तेवढं सगळं निघूनही फिट येत असतील तर मुळात जागाच चुकलेली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा त्याच जागेच्या आसपास आणखी कापण्याऐवजी तपासणी पहिल्यापासून करावी लागते, आणि जुन्या व्हिडिओ ईईजीची मूळ नोंद सोबत असेल तर ती निम्मी सोपी होते. म्हणून सुटी घेताना रिपोर्टच्या कागदासोबत फिटच्या नोंदींची फाइलही मागून घ्या. काही सेंटरं जागेअभावी ती काही वर्षांनी पुसतात.